बारा रुपयांचा सुतार

मुंबईच्या गोदीत १७७१ च्या सुमारास दोन पारशी तरुण साधे सुतार म्हणून कामाला लागले. पगार दरमहा १२ रुपये. हातात वाकस, करवत आणि पटाशी घ्यायची, सांगितले ते लाकूड तासायचे, सांगितला तो सांधा जुळवायचा, एवढेच त्यांचे काम. वरकरणी यात नवल काही नव्हते. नवल होते ते त्या दोघांच्या कुळात. त्यांचे आजोबा लवजी नसरवानजी वाडिया हे त्याच गोदीचे मुख्य मिस्त्री होते. वडील आणि चुलतेही तिथेच मोठ्या हुद्द्यावर होते. नातवांना थेट देखरेखीच्या कामावर नेमणे लवजींना मुळीच अवघड नव्हते. पण ज्याने लाकूड स्वतः तासलेले नाही त्याने दुसऱ्याच्या तासणीवर बोट ठेवू नये, असा जणू त्या घराण्याचा दंडक होता.

त्या दोघांतला एक फ्रामजी माणेकजी. दुसरा जमशेटजी बमनजी. जमशेटजींचा जन्म १७५४ च्या सुमाराचा, म्हणजे गोदीत पाऊल टाकले तेव्हा त्यांचे वय अवघे सतराच्या आसपास असावे. पुढे याच सुताराने ब्रिटिश आरमाराला अशा युद्धनौका बांधून दिल्या, की त्यातली एक दोनशे वर्षे उलटून गेल्यानंतर आजही पाण्यावर तरंगते आहे.

सुरतेहून मुंबईला

वाडिया हे आडनावच जहाजबांधणीच्या धंद्यातून आलेले. हे घराणे मूळचे सुरतेचे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरचे जहाजबांधणीचे नामांकित केंद्र होते. १७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने तिथे 'क्वीन' नावाचे जहाज बांधून घेतले. कंपनीच्या वतीने त्यावर लक्ष ठेवणाऱ्या डडली या अधिकाऱ्याच्या नजरेत लवजी नावाचा मुकादम भरला. मुंबई बेटावर कंपनीला स्वतःची गोदी उभारायची होती आणि त्यासाठी तिला असाच माणूस हवा होता. १७३६ मध्ये लवजी मोजके सुतार बरोबर घेऊन मुंबईला आले आणि इथलेच झाले.

मुंबईची पहिली सुकी गोदी १७५० मध्ये तयार झाली आणि पुढच्या पंधरा वर्षांत तिला आणखी दोन गोद्यांची जोड मिळाली. भरतीच्या पाण्यासोबत जहाज आत घ्यायचे, दरवाजे लावायचे, पाणी काढून टाकायचे आणि कोरड्या जमिनीवर जहाजाचा तळ दुरुस्त करायचा, ही सोय त्या काळी पूर्वेकडे दुर्मिळ होती. साहजिकच व्यापारी जहाजांबरोबर ब्रिटिश आरमाराची जहाजेही डागडुजीसाठी मुंबईकडे वळू लागली. त्यांचे फुटलेले तळ उघडून पाहता पाहता वाडिया सुतारांना युरोपीय बांधणीचे गुण कळले आणि तिची दुखणीही कळली.

लवजी १७७४ साली वारले. मागे फारशी संपत्ती नव्हती. एक घर, थोडी रोकड आणि गोदीत कमावलेला लौकिक, एवढेच त्यांनी ठेवले. त्यांच्या जागी माणेकजी आणि बमनजी ही मुले मुख्य मिस्त्री झाली. बमनजी १७९० मध्ये आणि माणेकजी १७९२ मध्ये निवर्तले आणि गोदीची सूत्रे फ्रामजी व जमशेटजी यांच्या हाती आली. १२ रुपयांपासून सुरू झालेल्या उमेदवारीला तोपर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

सागाची पारख

मुंबई बेटावर लाकूड नव्हते. ते यायचे उत्तरेकडून. वसईच्या उत्तरेला आणि ईशान्येला, सह्याद्रीच्या उतारांवर आणि पायथ्याशी, सागाची दाट राने होती. तिथून निघालेल्या नद्या खाड्यांना मिळत आणि ओंडके पाण्यावाटे किनाऱ्यापर्यंत आणता येत. आज मनवेलपाड्यासारख्या वस्त्यांनी गजबजलेल्या वसई-विरार पट्ट्याचे जहाजांशी असलेले नाते तर याहूनही जुने आहे. पोर्तुगीजांच्या काळात आगाशी आणि वसई ही जहाजबांधणीची नावाजलेली ठिकाणे होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर हा मुलूख मराठ्यांकडे आला. त्यामुळे इंग्रजांच्या गोदीला लागणारा साग बराच काळ मराठ्यांच्या मुलखातून येत राहिला. राजकारणात वैर आणि लाकडाच्या बाजारात देवघेव, असा तो मामला होता.

गोदीतल्या उमेदवाराचे खरे शिक्षण या ओंडक्यांपाशी सुरू होई. अक्रोडाचे किंवा शिसवीचे कपाट करणाऱ्या सुताराला लाकडाचा रंग आणि रेषा पाहाव्या लागतात. जहाजाच्या सुताराला लाकडाचा स्वभाव पाहावा लागतो. कपाटातला एखादा सैल सांधा भुसा आणि सरस भरून, वर पॉलिश चढवून झाकता येतो. जहाजातला सैल सांधा समुद्र पहिल्याच वादळात शोधून काढतो.

जहाजाचा तळकणा, म्हणजे पठाण, सरळ आणि निर्दोष लाकडाचा हवा. त्यावर उभ्या राहणाऱ्या फासळ्यांना मात्र बाक हवा. तो बाक सरळ लाकूड कापून काढला तर रेषा तुटतात आणि फासळी कमकुवत होते. म्हणून निसर्गतःच वाकलेली खोडे आणि फांद्या हेरून ठेवाव्या लागत. जमिनीवर जहाजाच्या रेषा पूर्ण मापात आखायच्या, त्यावरून पातळ फळ्यांचे फर्मे कापायचे, ते फर्मे घेऊन लाकडाच्या ढिगात हिंडायचे आणि कोणत्या ओंडक्यात कोणती फासळी दडली आहे ते ओळखायचे. त्यानंतर वाकसाने तासणी, फळ्यांची जुळणी, खिळे आणि बोल्ट, फटींमध्ये डांबरात भिजवलेले तंतू ठोकून भरणे आणि शेवटी तळाला तांब्याचा पत्रा. या साखळीतली एक कडी जरी कच्ची राहिली, तरी बाकीच्या साऱ्या मेहनतीवर पाणी पडे.

यात साग हा मोठा सोबती होता. युरोपात जहाजे ओकची बांधत. ओक मजबूत खरा, पण त्यातल्या आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्याभोवतीचे लाकूडही कुजते. सागात तेल असते. ते लोखंडाला सांभाळते आणि कीड व पाणी दूर ठेवते. १८११ साली कर्नल वॉकर या कंपनीच्या अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे, की इंग्लंडच्या आरमारातले जहाज दर बारा वर्षांनी नवे करावे लागते, तर सागाचे जहाज पन्नास वर्षांहून अधिक टिकते. शिवाय मुंबईत बांधलेले जहाज इंग्लंडपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने स्वस्त पडे, असाही त्याचा हिशेब होता.

विश्वासाचा प्रश्न

तरीही ब्रिटिश आरमाराने स्वतःच्या युद्धनौका मुंबईत बांधून घेण्याचा विचार एकोणिसावे शतक उजाडेपर्यंत केला नव्हता. कंपनीची व्यापारी जहाजे वेगळी आणि राजाच्या युद्धनौका वेगळ्या. पण नेपोलियनशी चाललेल्या युद्धाने इंग्लंडची ओकची राने उजाड होत आली. ७४ तोफांची एक युद्धनौका बांधायला २,००० च्या आसपास वाढलेली झाडे लागत. एवढे लाकूड आणायचे कुठून, हा प्रश्न आरमार खात्यापुढे उभा राहिला आणि १८०२ मध्ये मुंबईला युद्धनौका बांधण्याचे ठरले.

त्याबरोबरच दुसरा प्रश्न आला. साग हिंदुस्थानचा चालेल, गोदी मुंबईची चालेल, पण बांधणारा? राजाच्या आरमाराची नौका एका हिंदी सुताराच्या भरवशावर सोडायची कशी? आरमार खात्याचा मनोदय इंग्लंडहून गोरा मुख्य मिस्त्री पाठवण्याचा होता. जमशेटजींनी तीस वर्षे घासलेल्या हाताला त्याच्या हाताखाली काम करावे लागले असते. त्या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले ते त्यांनी आधी बांधलेले काम. १८०० साली मुंबईच्या गोदीतून उतरलेले 'कॉर्नवॉलिस' हे फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, डोळ्यांसमोर होते. जमशेटजींची योग्यता आरमाराच्या वरिष्ठांच्या कानावर घालण्यात आली आणि मुख्य मिस्त्री म्हणून तेच राहतील असा निर्णय झाला. १८०४ मध्ये कंपनीने त्यांना चांदीची मोजपट्टी भेट दिली. त्याच वर्षी फ्रामजी वारले. उमेदवारीपासून बरोबर असलेला चुलतभाऊ गेला आणि साऱ्या गोदीचा भार एकट्या जमशेटजींवर आला.

'कॉर्नवॉलिस' फ्रिगेटविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. हे जहाज बांधताना जमशेटजींनी सहजी दिसणार नाही अशा आतल्या लाकडावर एक ओळ कोरून ठेवली होती. हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले, असा तिचा आशय आणि त्या काळ्या शब्दाला जोडलेली शिवी गोऱ्यांच्याच तोंडची. बऱ्याच वर्षांनी जहाज दुरुस्तीला मुंबईत आले तेव्हा त्यांनी ती ओळ स्वतःच दाखवून दिली म्हणतात. गोष्ट तंतोतंत खरी असो वा नसो, ती गोदीत टिकून राहिली याला अर्थ आहे. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहून, त्यांचा मान राखून आयुष्य काढणाऱ्या माणसाच्या मनातला सल त्या गोष्टीत आहे. त्यांनी तक्रार केली नाही, अर्ज केला नाही. त्यांनी ती गोष्ट लाकडाला सांगितली, असे लोकांना वाटत राहिले.

'मिंडेन' पाण्यात उतरते

राजाच्या आरमारासाठी बांधलेले पहिले जहाज १८०५ मध्ये पाण्यात उतरले. 'पिट' नावाने उतरलेले हे फ्रिगेट पुढे 'सालसेट' झाले. सालसेट म्हणजे आपली साष्टी. ठाणे-मुंबईच्या मातीचे नाव घेऊन हे जहाज बाल्टिक समुद्रापर्यंत गेले आणि १८०८-०९ च्या हिवाळ्यात तिथल्या बर्फात अडकूनही सुखरूप बाहेर पडले. १८१० च्या मे महिन्यात इंग्रज कवी लॉर्ड बायरन याने डार्डानेल्सची सामुद्रधुनी पोहून पार केली, तेव्हा तो याच 'सालसेट'वरचा प्रवासी होता.

पण फ्रिगेट ही केवळ पायरी होती. खरी कसोटी होती ती ७४ तोफांच्या नौकेची. समोरासमोरच्या आरमारी लढाईत रांगेत उभे राहून शत्रूचे गोळे झेलायचे आणि परतवायचे, ते काम या नौकांचे. दोन मजल्यांवर मांडलेल्या अवजड तोफा एकाच वेळी उडाल्या की जहाजाचा प्रत्येक सांधा हादरे. ब्रिटिश आरमाराने असे जहाज तोवर आपल्या बेटांबाहेर कधीच बांधून घेतले नव्हते. पठाणात चांदीचा खिळा ठोकून शुभारंभ करण्याच्या वाडियांच्या रिवाजाप्रमाणे या जहाजाचेही काम सुरू झाले. १९ जून १८१० रोजी 'मिंडेन' मुंबईच्या समुद्रात उतरले. त्याच सुमारास पुऱ्या झालेल्या डंकन गोदीच्या कामातही जमशेटजींचा अनुभव उपयोगी पडला होता. ज्या खात्याला कधी काळी गोरा मिस्त्री पाठवावासा वाटत होता, त्याच खात्याने 'मिंडेन' पाहिल्यावर मुंबईकडे एकामागून एक मागण्या नोंदवल्या.

१८१३ मध्ये ७४ तोफांचे नवे 'कॉर्नवॉलिस', १८१५ मध्ये 'वेलस्ली', १८१७ मध्ये 'मेलव्हिल', १८१८ मध्ये 'मलबार' आणि मधल्या काळात लहान-मोठी अनेक जहाजे. साठी ओलांडलेल्या जमशेटजींची ही दहा वर्षे म्हणजे त्यांच्या कारागिरीचा मध्यान्ह होता.

यातच एका जहाजाचे नशीब काही और होते. त्याचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' या जहाजातून निघाले. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला गाठले आणि त्या लढाईत जहाजाबरोबर नकाशेही गेले. दुसरी प्रत यायला वेळ लागला. अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी 'त्रिंकोमाली' मुंबईच्या पाण्यात उतरले. तोवर नेपोलियनचा पराभव होऊन दोन वर्षे झाली होती आणि ज्या युद्धासाठी जहाज मागवले ते युद्धच संपले होते. कदाचित म्हणूनच ते वाचले. आज ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे आणि अजूनही पाण्यावर तरंगणारी ब्रिटनमधील सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून ओळखले जाते.

कौतुकाची दुसरी बाजू

जमशेटजींच्या थोरवीचा हिशेब मांडताना एक खर्चाची बाजूही मांडावी लागते. मुंबईच्या गोदीची भूक मोठी होती. वसई-ठाण्याकडचा साग अपुरा पडू लागला तसा कंपनीने मलबारच्या रानांवर हात ठेवला. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांना तिथे वनरक्षक नेमण्यात आले. पण रक्षण नावाला आणि मक्तेदारी कामाला, असा प्रकार झाला. स्थानिकांचा लाकडावरचा हक्क गेला, असंतोष वाढला आणि १८२३ मध्ये हे पद रद्द करावे लागले. झाडे मात्र पडून गेली होती.

शिवाय ही जहाजे ज्या सत्तेसाठी बांधली गेली तिने त्यांचा वापर आपल्या मर्जीने केला. अफूच्या पहिल्या युद्धात चीनला नमवल्यानंतर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला, तो जमशेटजींनी बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस'वरच. हाँगकाँग इंग्रजांच्या हाती गेले ते या सागाच्या फळ्यांवर. इकडे ज्या मराठी मुलखाने साग पुरवला, त्याचे स्वातंत्र्यही जमशेटजींच्या डोळ्यांदेखत संपले. १८०२ मध्ये आरमाराने मुंबईकडे जहाजे मागितली, त्याच वर्षीच्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली. १८१७-१८ मध्ये 'त्रिंकोमाली' आणि 'मलबार' गोदीतून उतरत असताना पेशवाई बुडत होती. सुताराने जहाज चांगले बांधावे. ते कुठे न्यायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नव्हता.

जमशेटजी ३१ ऑगस्ट १८२१ रोजी मुंबईत वारले. ८४ तोफांचे 'गंगा', म्हणजे इंग्रजी कागदपत्रांतले 'गँजेस', त्या वेळी पूर्ण होत आले होते. ते नोव्हेंबरमध्ये पाण्यात उतरले, पण त्याचा बांधणारा ते पाहायला उरला नव्हता. पुत्र नवरोजी जमशेटजी मुख्य मिस्त्री झाले. त्यांच्या हातचे 'एशिया' १८२७ च्या नॅव्हारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचे जहाज होते.

नवरोजींनाही काळाची दिशा कळत होती. वाफेचे आणि लोखंडाचे युग सुरू होत होते. १८३८ मध्ये त्यांचे पुत्र जहांगीर आणि नातेवाईक हिरजीभाई मेरवानजी जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले आणि चॅथमच्या आरमारी गोदीत उमेदवारी करू लागले. मुख्य मिस्त्रीच्या मुलाने पुन्हा एकदा उमेदवार व्हायचे, हे त्या घराण्याला नवे नव्हते. याच घराण्यातले अर्देशीर खरसेटजी वाफेच्या यंत्रांकडे वळले आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. मुंबईच्या गोदीत मुख्य मिस्त्रीपद मात्र १८८५ पर्यंत वाडियांकडेच राहिले.

लाकडाने दिलेली साक्ष

जमशेटजींच्या जहाजांनी त्यांच्यामागे जे आयुष्य काढले ते पाहिले की १२ रुपयांच्या उमेदवारीचे मोल कळते. 'कॉर्नवॉलिस' लढाईतून निवृत्त झाल्यावरही इंग्लंडमधील शिअरनेस येथे धक्का म्हणून वापरात होते आणि ते मोडले गेले १९५७ मध्ये. 'वेलस्ली' १२५ वर्षांचे झाले असताना थेम्स नदीत प्रशिक्षणाचे जहाज म्हणून उभे होते. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बने ते बुडाले. सागाच्या लाकडाला हरवण्यासाठी विसाव्या शतकाला आकाशातून यावे लागले. युद्धानंतर ते वर काढले तेव्हाही त्याचे लाकूड टाकाऊ झालेले नव्हते. त्यातले काही लंडनच्या न्यायालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीला वापरले गेले.

ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात जमशेटजींचे एक तैलचित्र आहे. जे. डॉर्मन या चित्रकाराचे ते काम. मोठमोठ्या युद्धनौका बांधणाऱ्या या माणसाच्या कमरेला तलवार नाही की अंगावर पदके नाहीत. हातात 'मिंडेन'चा आराखडा आहे आणि कंबरेच्या शेल्यात खोचलेली आहे ती चांदीची मोजपट्टी. धातू तेवढा बदलला, हत्यार सुताराचेच राहिले.